पुलाचा खांब आणि मधलं कार्ड

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितकं वाकून, उरलेला मनातल्या मनात पूर्ण केला आहे असं समज). तुझा गुडघा आता कसा आहे? दाजींचा खोकला गेला का, की अजून ते फोनवर आधी खोकतात आणि मग हॅलो म्हणतात? आम्ही दोघं खुशाल आहोत. इतके खुशाल, की परवा शेजाऱ्यांनी भिंतीवर ठोकून आवाज कमी करायला सांगितलं. त्याचं कारण कळवण्यासाठीच हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू सारखी "मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि या हकिकतीत मुद्दा थोडा आणि वळणं फार आहेत.

तुला माहीतच आहे, आमच्या हिने सव्वीस वर्षं शहरात बस चालवली आणि गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही. (एकदा आरसा फुटला, पण तेव्हा गाडी उभी होती आणि चूक कावळ्याची होती, असा डेपोचा लेखी अहवाल आहे.) ती निवृत्त झाली तेव्हा तुझ्या लेकीने आपला जुना कॉम्प्युटर, ट्रक चालवायचा एक गेम आणि खेळायचं स्टिअरिंग आम्हाला देऊन टाकलं. ते स्टिअरिंग आम्ही जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलं, आणि तेव्हापासून आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवतो. ही रोज सकाळी नऊच्या ठोक्याला वेणी घट्ट घालून, पायात बूट चढवून (घरात!) 'ड्यूटी'वर बसते. गेममधल्या ओसाड चौकातसुद्धा लाल दिव्याला थांबते. मागे चिटपाखरू नसलं तरी आरशात बघते. गाडी चालू असताना चालकाशी बोलायचं नाही, हा नियम मलाही लागू आहे. मी चहा नेला तर नजर रस्त्यावर ठेवूनच ती हात पुढे करते, आणि दारावरची बेल वाजली तर "पुढच्या थांब्यावर उघडते" म्हणते.

गेल्या महिन्यात मात्र विघ्न आलं. त्या गेममध्ये नदीच्या पुलाआधी एक वळण आहे. तिथे पोचलं की चित्र गचके खायचं, क्षणभर थिजायचं, आणि पुन्हा हलेपर्यंत ट्रक पुलाच्या खांबाला चिकटलेला असायचा. एकदा झालं, दोनदा झालं, आठवड्यात सात वेळा झालं. शेवटी गेममधल्या मालकाने हिला ताकीद दिली. ताई, जिला सव्वीस वर्षांत डेपो मॅनेजर एका शब्दाने बोलला नाही, तिला एका चित्रातल्या माणसाने बोलावं? त्या दिवशी तिने स्टिअरिंगवरून हात उचलले, ते उलटेसुलटे करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "माझे हातच गेले की काय हो?" मी हसण्यावारी नेलं.

दोष हातांचा नाही, यंत्राचा आहे, हे मला चांगलं कळत होतं. त्यात धूळ साचली म्हणावी, तर महिन्याच्या सुरुवातीला मीच ते उघडून झाडलं होतं, आणि सगळ्या वायरी काढून जिथल्या तिथे परत लावल्या होत्या. तेव्हा त्या बाजूने काही कसर नव्हती. उरलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र हलतं ठेवणारा भाग. ते म्हातारं झालं असणार. तुझ्या लेकीला विचारता आलं असतं, पण इस्पितळाच्या खरेदी खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाने एका कार्डासाठी भाचीपुढे तोंड वेंगाडायचं? मी कापसापासून एक्स-रे मशीनपर्यंत प्रत्येक वस्तू तीन कोटेशनं मागवून घेतलेली आहे. कार्डही तसंच घ्यायचं ठरवलं.

पहिल्या दुकानात छतापर्यंत खोक्यांची चळत होती आणि काचेच्या कपाटात कार्डं निळ्याजांभळ्या उजेडात फिरत होती. एकेका कार्डाला तीन तीन पंखे! आमच्या अख्ख्या घरात दोन आहेत. दुकानदाराने विचारलं, "गेम कोण खेळणार?" मी म्हटलं, "बायको." त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. मग म्हणाला, "काका, सेकंदाला फ्रेम्स किती हव्यात?" मी म्हटलं, "एकच द्या, पण पक्की." त्यावर तो बिचारा स्टुलावर बसला आणि त्याने मला समजावलं, की चित्र सेकंदाला जितक्या वेळा बदलतं तितक्या फ्रेम्स, त्या कमी पडल्या की ट्रक खांबाला जातो. (हे शेवटचं मी जोडलं.) दुसऱ्या दुकानात कार्डाची मेमरी महत्त्वाची असं सांगितलं. तिसऱ्याने दोन्हीवर हात झटकले आणि म्हणाला, सर्वांत महाग ते घ्या, डोक्याला ताप नाही.

असल्या बोलण्याला मी भीक घालत नाही. घरी येऊन मोठा कागद घेतला, आडव्या-उभ्या रेघा मारल्या, आणि प्रत्येक कार्डाची एकेक फ्रेम आपल्याला केवढ्याला पडते ते काढलं. सोयीसाठी कार्डांना थोरलं, मधलं आणि धाकटं अशी नावं दिली, कारण त्यांची खरी नावं औषधांच्या बाटल्यांवरच्या आकड्यांसारखी आहेत. दहा दिवस अभ्यास चालला. तेवढ्या दहा दिवसांत ही खांबाला धडकतच होती. उलट आता जरा जास्तच जोरात. प्रत्येक धडकेला मी आतून ओरडायचो, "धीर धर, मेमरीच्या रकान्यापर्यंत आलोय!"

अशात कळलं, की खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दोन पेशंटांच्या मध्ये गेम खेळतात. गेलो. त्यांच्या मदतनीस बाईने अपॉइंटमेंटशिवाय आत सोडलं नाही, आणि अपॉइंटमेंट घेतली म्हटल्यावर खुर्चीत आडवं व्हावंच लागलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात आरसा घातला आणि कार्डांवर बोलायला लागल्या. त्यांचं म्हणणं, आमच्या पडद्याच्या आकाराला मधलंच योग्य. थोरल्याची ताकद त्या पडद्यावर दिसणारसुद्धा नाही. मला विचारायचं होतं, की मग थोरल्यावर सध्या जी घसघशीत सूट आहे तिचं काय? पण तोंडात कापूस होता, त्यामुळे "आँ आँ" एवढंच निघालं, आणि त्यांनी ते दुखतंय असं समजून भूल वाढवली. मी एक दात भरून आणि अर्धा सल्ला घेऊन वर आलो.

राहिलेल्या अर्ध्या सल्ल्याने घात केला. सूट बघून मी थोरलं आणलं! इतकं जड, की रिक्षात त्याला मांडीवर घेऊन बसलो. आणण्याआधी मोजमाप केलं नव्हतं असं समजू नकोस. हिच्या शिवणाच्या टेपने मी कॉम्प्युटरची पेटी मोजली होती. पण बाहेरून. आत कार्ड चार बोटं लांब निघालं. मी ते तिरकं करून पाहिलं, उभं करून पाहिलं, त्याच्याशी गोडीने बोलून पाहिलं. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बस उलटी वळवायची असेल तर आधी खाली उतरून जागा बघावी लागते." एवढंच. (अनुभवी चालक.)

मी ते परत नेलं. दुकानदार भला माणूस. खोकं धड आहे बघून त्याने मुकाट्याने बदलून मधलं दिलं आणि सोबत कार्ड बसवायची रीत कागदावर लिहून दिली. परवा दुपारी मी जुनं काढलं, त्याच जागी मधलं बसवलं, पडद्याची वायर जुन्या कार्डातून काढून नव्यात लावली आणि बटण दाबलं. पंखे फिरले. ही बूट घालून बसली. शेजारी खुर्ची ओढून मी किन्नर (म्हणजे ट्रकचा क्लीनर) म्हणून बसलो. पुलाआधीचं वळण आलं तशी मी टेबलाची कड धरली. आणि ताई, ट्रक असा वळला, असा वळला, जसं दुधाच्या सायीखालून बोट सरकावं! खांब डावीकडून सरकला, खाली नदी चमकली, आणि हिने असा लांबलचक हॉर्न दिला की मी उठून नाचलो. भिंतीवरची ठोकाठोक ती हीच.

तात्पर्य, अभ्यास केला की योग्य वस्तू योग्य किमतीला मिळते. माझ्या हिच्या हातांना काहीही झालेलं नाही. दाजींना नमस्कार, गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. तक्त्याची नक्कल सोबत जोडली आहे. तुझ्या लेकीला दाखव आणि मामाने एकट्याने केलं हे आवर्जून सांग. जुनं कार्ड पार निकामी आहे. दाजींना कागदांवर वजन म्हणून हवं असल्यास कळव.

ता. क. दुसरा. वन्सं, नमस्कार. हे अक्षर माझं आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. ते जुनं कार्ड कागदांवर ठेवू नका, ते ठणठणीत आहे. धूळ झाडल्यावर ह्यांनी पडद्याची वायर कार्डात लावायच्या ऐवजी वरच्या भलत्याच भोकात लावली होती, त्यामुळे कार्ड आत नुसतंच बसून होतं. ह्यांचा अभ्यास सुरू होऊन दोन दिवस झाले होते, तेव्हा माझा चष्मा टेबलामागे पडला आणि मला ते दिसलं. तुमच्या लेकीला फोन करून खात्री केली, वायर बदलली, आणि पहिल्याच फेरीत पूल पार. सांगायला धावत आत गेले तर हे दाढी करत होते. वन्सं, निवृत्त झाल्यापासून आठ महिने ह्यांनी मी दहादा सांगितल्याशिवाय दाढी केली नव्हती. दिवसभर खिडकीशी बसायचे, समोरच्या इमारतीत कोण कधी आलं ते बघत. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि शीळ! माझ्याने बोलवेना. त्यानंतर मी रोज मुद्दाम नेऊन ट्रक त्या खांबावर घातला. डोळे मिटून घालायची. किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

आता खरं काम. आज सकाळपासून हे पुन्हा खिडकीशी बसले आहेत. तुम्हाला काही घ्यायचं नाही का हो? गादी, शिडी, छत्री, काहीही चालेल, फक्त तिचे प्रकार पुष्कळ असावेत. घ्यायची नसली तरी हरकत नाही. पत्र मात्र ह्यांच्याच नावाने लिहा, आणि कोणती घ्यावी ते काडीचंही कळत नाही असं लिहा. जमलं तर लवकर पाठवा.