आवाज : एक शिष्या

आई, तुझा आवाज गेल्या दीड वर्षात नऊ गावं फिरून आला. तू स्वतः लखनौसारख्या शहरात राहून निशातगंजच्या बाजारापलीकडे फारशी गेली नाहीस. गेलीस ती आठवड्यातून दोनदा चौक नावाच्या जुन्या वस्तीत, तेही चोरून. आणि आता तुझा आवाज समुद्रकाठच्या गावात वाजतो, डोंगरातल्या गावात वाजतो, लोक डोळे मिटून ऐकतात. आपांवर मी फिल्म केली, सत्तर मिनिटांची. चौकातल्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहून आयुष्यभर ठुमरी गायलेल्या, शिकवलेल्या आपा. त्या फिल्ममध्ये चार मिनिटं तू आहेस. पडद्यावर आपांचा रिकामा जिना दिसतो आणि मागे जुन्या कॅसेटवर तू शिकते आहेस, त्या तुला थांबवतात, रागावतात, हसतात, तू पुन्हा घेतेस. शेवटी नावांची यादी वर सरकते, कॅमेरा अमुक, संपादन तमुक, आणि तुझ्या जागी लिहिलंय, 'आवाज : एक शिष्या'. बस, तेवढंच. आता फिल्मची शेवटची प्रत एका संग्रहालयात कायमची जमा व्हायची आहे. एडिटरने बजावून ठेवलं होतं, नाव बदलायचं असेल तर सोमवारपर्यंत सांगा, मग काही करता येणार नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

फेस्टिव्हल म्हटलं की लोकांना लाल गालिचा दिसतो. अगं कुठला गालिचा! सकाळी साडेनऊचा शो, हॉलमध्ये चौदा माणसं, त्यातली तीन एसीच्या गारव्याला आलेली. गळ्यात फोटोचं कार्ड अडकवून मी दाराशी उभी राहते आणि आत शिरणारा प्रत्येक जण माझ्याच फिल्मला आला असेल अशा आशेने बघते. निम्मे संडास शोधत असतात. आणि नकाराच्या मेल! सगळ्या एकाच माणसाने लिहिल्यासारख्या, 'फिल्म मनापासून आवडली, परंतु'. पहिल्या वर्षी त्या 'परंतु'ने मी रडायचे, नंतर नंतर 'परंतु'पर्यंत वाचायचेच नाही. पण जिथे जिथे फिल्म लागली, तिथे शो संपल्यावर प्रश्न विचारायची वेळ आली की एक प्रश्न ठरलेला. ती शिकणारी बाई कोण? डोंगरातल्या गावात एका म्हाताऱ्या बाईने विणकाम खाली ठेवून विचारलं. समुद्रकाठच्या गावात तर एका ज्युरीने चहाच्या टेबलाशी गाठून ऐकवलं, "तुमची फिल्म खरं तर त्या बाईची आहे. तुम्ही उगाच आपांची करत बसलात." मला असा राग आला म्हणतेस! पण मी आपलं ठरलेलं उत्तर दिलं. त्यांनी नाव सांगू नका म्हणून सांगितलंय, मी शब्द दिलाय. हे म्हटलं की लोक माना डोलावतात. काही ठिकाणी तर टाळ्या पडल्या गं.

तू आपांना पहिल्यांदा रेडिओवर ऐकलंस, पोळ्या लाटता लाटता, हे मला ठाऊक आहे. तू बाबांना विचारलंस, गाणं शिकू का. बाबा वाईट नव्हते, आजही नाहीत. अमरावतीहून बदली होऊन आलेला बँकेतला साधा माणूस. ते म्हणाले, "शीक की, मराठी मंडळात शनिवारी पेटीवाले मास्तर येतात, भजनं बसवतात." चौकातल्या बाईंकडे ठुमरी शिकायची आहे हे मग तू बोललीसच नाहीस. सांगितलंस, चिकनकारीचं भरतकाम शिकायला जाते. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारची भांडी आवरली की पिशवी घेऊन निघायचीस. पिशवीत निळ्या ठशाचं पांढरं कापड, त्यात सुई अडकवलेली. तीन वर्षं तेच कापड, आई! तेच फूल, तीनच पाकळ्या भरलेल्या. मला आठव्या वर्षी कळलं, बाबांना कधी कळलं नाही. उलट ते बँकेत मिरवायचे, आमच्या मिसेस चिकन शिकतायत. एकदा त्यांनी मॅनेजरच्या बायकोसाठी कुर्ता मागितला तेव्हा तुझी कशी त्रेधा उडाली. आपांच्या तळमजल्यावर एक कारागीर बाई राहायची, तिला तू डबाभर शंकरपाळे दिलेस आणि तिने तुला एक तयार कुर्ता दिला. बाबांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला, म्हणाले, "हात बसला हं तुझा." तू स्वयंपाकघरात येऊन तोंडात पदर कोंबून हसत होतीस आणि तव्यावरची भाकरी करपत होती. तेवढं हसताना मी तुला नंतर पाहिलं नाही.

शाळेला सुट्टी असली की तू मला बरोबर न्यायचीस. मी उंबऱ्यापाशी चटईवर बसले आहे, आपा लाकडी तख्तावर, तू खाली. तू एक जागा घेतेस आणि पुढे सटकतेस, आणि आपा पानाचा डबा आपटतात. "अरे मराठिन, ट्रेन छूट रही है क्या? इतनी जल्दी काहे की है? बैठो यहीं, इसी सुर पे." तू लाल होतेस. "जी आपा, फिर से." मला अस्सा संताप येतो, माझ्या आईला ही कोण रागावणार! आणि तू मात्र खुशीत, मान खाली घालून गालातल्या गालात हसते आहेस. घरी तुला कुणी रागावलं तर तू दिवसभर बोलायची नाहीस. परत येताना रिक्शात मी विचारलं, बाबांनी काय शिकलीस म्हणून विचारलं तर? तू म्हणालीस, "सांग, आज नुसती सुई टोचून घेतली." मग म्हणालीस, "हे आपल्या दोघींचं हं." मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

मी अकरा वर्षांची होते तेव्हाची ती दुपार तुला आठवत असेल, म्हणजे तू होतीस तोवर नक्की आठवत असणार. शुक्रवार होता. मला शाळेत ताप भरला, त्यांनी रिक्शात घालून घरी पाठवलं. दाराला कुलूप. मी जिन्यात दप्तरावर डोकं टेकून बसले. वरच्या आंटी पाणी घेऊन आल्या, म्हणाल्या, "मम्मी कहाँ हैं बेटा?" मी म्हटलं, सब्जी लेने गई हैं. दोन तास म्हणे सब्जी. शेवटी तू आलीस ती गुणगुणत. उशीर झाला म्हणून नाही, ताप होता म्हणूनही नाही, तू गुणगुणत जिना चढलीस ना, त्याचा मला राग आला. मी इथे पोळतेय आणि ही गातेय. मी ओरडले, "पुन्हा गेलीस तर बाबांना सगळं सांगीन." तू माझ्या कपाळावर हात ठेवलास. म्हणालीस, "ताप आहे गं तुला." मग कुलूप काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "बरं." पुढच्या मंगळवारी तू गेली नाहीस. शुक्रवारीही नाही. मी वाट पाहिली, तू पुन्हा विचारशील, मला मनवशील, मी आढेवेढे घेऊन हो म्हणेन. तू विचारलंच नाहीस. आणि खरं सांगते, पहिले काही महिने मला जिंकल्यासारखं वाटत होतं. शाळेतून आलं की दार उघडं असायचं आणि आत तू असायचीस.

त्यावर आपण कधीच बोललो नाही. तू दवाखान्यात होतीस, शेवटच्या आठवड्यात, तेव्हा मीच विषय काढला, आपांकडे जाऊन येऊ का म्हणून. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "जायचं तर जा. माझं नाव नको काढूस कुठे. ह्यांना उगाच..." वाक्य तू पुरं केलंच नाहीस. मी बरं म्हटलं. त्याला आता अठरा वर्षं झाली.

मला जायला खूप वर्षं लागली. आपा फार थकल्या होत्या, तरी मला दारात पाहून म्हणाल्या, "मराठिन की बिटिया. नाक वही है." मग मला बसवलं, चहा सांगितला, आणि चहा यायच्या आधीच विचारलं, "उसने छोड़ क्यों दिया? मैंने ऐसा क्या कह दिया था?" आई, त्यांना इतकी वर्षं वाटत होतं, आपलंच बोलणं लागलं म्हणून मराठिन यायची थांबली. त्या म्हणाल्या, गला तो उसी का था, बाकी सब तो बस आती-जाती थीं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "तबीयत ठीक नहीं रहती थी उनकी." त्यांनी मान हलवली. "अच्छा," म्हणाल्या, पण त्यांना काही पटलेलं नव्हतं. पत्र्याच्या डब्यातून त्यांनी कॅसेट काढली, त्यावर उर्दूत लिहिलं होतं, मराठिन. मी चार वर्षं त्यांचं शूटिंग केलं, चार वर्षं त्यांच्या घरचा चहा प्यायले, आणि खरं काय ते सांगितलं नाही. फिल्म पुरी व्हायच्या आधी त्या गेल्या. जाताना त्यांना वाटतच असणार, आपण रागावलो म्हणून. याची मला लाज वाटते, आणि ती कुठे नेऊन ठेवावी कळत नाही.

गेल्या रविवारी फिल्म लखनौत दाखवली, शेवटचा शो. दुपारी तीनला. छोटा हॉल, पण भरलेला. चौकातून आपांच्या ओळखीचे लोक आले होते, मंडळातली माणसं आली होती, आणि तेलीबागच्या घरून मी बाबांना घेऊन आले होते. ब्याऐंशी झाले त्यांना, गुडघे गेले, पण कान शाबूत आहेत. मी ठरवून टाकलं होतं. बाबांनी आवाज ओळखला तर शब्द आपोआपच संपला, सोमवारी नाव घालायचं. मी पडदा पाहिलाच नाही, बाबांकडे बघत होते. जिना आला. तू सूर लावलास. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. आपा रागावल्या तेव्हा हॉल हसला, तेव्हा तेही हसले. तुझी चार मिनिटं संपली आणि बाबा शेजारच्यांना हळूच विचारत होते, मध्यंतर आहे का.

घरी जाताना गाडीत त्यांनी आपणहून विषय काढला. "चांगली केलीस. जरा लांबली. ती शिकणारी बाई कोण गं? गळा गोड होता तिचा." नऊ गावांत दिलं ते उत्तर तोंडाशी आलं होतं, पण मला ते देववलं नाही. मी म्हटलं, "आई होती ती, बाबा." ते हसले. खोटं नाही, चिडून नाही, अगदी मनापासून हसले. "छे! काहीतरीच. तुझ्या आईला कुठे गाता यायचं? आरतीलासुद्धा नुसत्या टाळ्या वाजवायची ती." मी म्हटलं, "खरंच, बाबा." ते म्हणाले, "अगं, पस्तीस वर्षं होतो मी तिच्याबरोबर. मला कळलं नसतं?" सिग्नल सुटला.

आता जे सांगायचं आहे ते. त्या कॅसेटवर गाणं संपल्यावर तू बोलतेस. हार्मोनियमचा भाता मिटल्याचा आवाज येतो आणि तू म्हणतेस, "अब चलूँ आपा, बिटिया स्कूल से आती होगी. ताला देखेगी तो घबरा जाएगी." बाबांनी तुझं गाणं ऐकलं नव्हतं, पण हे ऐकलं असतं तर त्यांनी तुला एका क्षणात ओळखलं असतं, तुझं ते मराठी चालीवरचं हिंदी. ते वाक्य फिल्ममध्ये होतं. मीच कापायला लावलं. एडिटर नको म्हणत होती, तिला ते सगळ्यात आवडलं होतं, मी म्हटलं, इथे लय पडते. लय कसली पडते! आणि रविवारी गाडीत ते वाक्य माझ्या फोनमध्ये होतं, फोन मांडीवर होता. एक बटण दाबायचं होतं. दाबलं असतं तर बाबांना पटलं असतं, आणि मग त्यांनी आपांनी विचारलं तेच विचारलं असतं, मग तिने सोडलं का.

आज बुधवार आहे. सोमवार उलटून गेला, एडिटरला मी फोन केला नाही. तुझ्या जागी 'एक शिष्या' असंच राहील आता. नऊ गावांत मी सांगत आले, मी तिला शब्द दिलाय म्हणून, आणि माणसं टाळ्या वाजवत राहिली. तुला दिलेल्या शब्दासाठी मी एकदाही गप्प बसले नव्हते, आई. मला भीती वाटत होती.