पलंगाचे खूर

आप्पा, तुम्ही गेल्यावर मी सुतारकामाला लागले हे ऐकून तुम्ही आधी हसला असतात आणि मग माझी पटाशी उचलून तिची धार बघितली असतीत. नोकरीतून मोकळी झाले आणि नाशिकच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये हा उद्योग मांडला. गेल्या दिवाळीनंतर अंबडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुनं रेडियल सॉ आणलं. मनमाडला रेल्वेच्या सुतारकामावर तुमच्याकडे असलं मशीन नव्हतं. उभ्या लोखंडी खांबावरून एक आडवा हात पुढे येतो, त्या हाताखाली मोटर आणि गोल पातं. लाकूड जागचं हलत नाही, पातंच आपल्याकडे ओढायचं. आणि ते मेलं असं अंगावर धावून येतं की ओढता ओढता थोपवावंही लागतं.

गंज रॉकेलने काढला, भद्रकालीच्या बाजारातून बेअरिंग आणून बदलल्या. मोटर छान फिरली, पण काप काही काटकोनात येईना. तेव्हा काटकोन तपासायचा तुमचा लोखंडी गुण्या आठवला. शाळेत असताना तो माझ्या हातून फरशीवर पडला, तर तुम्ही असे ओरडलात की आई चुलीपुढून उठून आली. ‘पडलेला गुण्या म्हणजे नुसतं लोखंड!’ मग तुमचं तुम्हालाच वाईट वाटलं असावं. मला जवळ बसवून दाखवलंत, गुण्या लावून रेघ मारायची, तो पालथा घालून पुन्हा मारायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर तो खरा. मी मशीनलाही तीच परीक्षा लावली. फळी कापते, एक तुकडा पालथा घालून दुसऱ्याला भिडवते. सांध्यातून अजून उजेड दिसतोय. बोल्ट सैल करते, आडवा हात केसभर सरकवते, आवळते, पुन्हा कापते. तुमच्यासारखीच स्वतःशी पुटपुटते. शेवटी एकदाचा उजेड दिसेनासा झाला, तेव्हा शेडमध्ये एकटीच मोठ्याने ‘आप्पा!’ म्हणाले.

एवढा आटापिटा आईच्या पलंगासाठी होता. लग्नाच्या वर्षी तुम्ही केलेल्या त्या सागवानी पलंगावरून उतरताना ती मध्यंतरी घसरली. थोडक्यात निभावलं, पण डॉक्टर म्हणाले, या वयात हाड मोडलं तर पुन्हा उभं राहणं कठीण आहे. मी नवा, बुटका पलंग आणला, तर ही खाली सतरंजीवर झोपली. “मला त्याच्यावर झोप येत नाय. माझा पलंग मला दे.” आता खूर कापण्याशिवाय इलाज नव्हता. तुमच्या हातच्या कामावर पातं चालवायचं होतं. काप तिरका गेला असता तर पलंग डुगडुगला असता, आणि ती पडली असती.

किती कापायचं ते बघायला टेप घेऊन तिच्या पायाशी बसले, तर म्हणाली, “मोजती काय? एका पाटाएवढं काप.”

“पाटाएवढंच का?”

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. “नवीनच लगीन झालं व्हतं. मी फळीवरचा डबा काढाया पाटावर उभी. हे पट्टी घेऊन आले, म्हने हलू नको, अन् पलंगासाठी जमिनीपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. निऱ्यांखाली पाट हाये ते त्यांला दिसलंच नाय. सासूबाई चुलीपाशी बसल्याल्या. त्यांच्यासमोर कशी बोलू?”

आणि आप्पा, ती रोज रात्री त्या पलंगावर चढताना तुम्ही म्हणायचात, ‘काय, घाट चढलीस का?’ आम्ही पोरंही हसायचो. तीही हसायची. जन्मभर तिने तेवढं बोलणं ऐकून घेतलं, पण तुमच्या पलंगाला नाव ठेवलं नाही. मला तिथेच बसून रडू आलं.

खुंट्या ठोकून बाहेर काढल्या आणि पलंग सुटा केला. मशीनच्या मागच्या पट्टीला ठोकळा बसवला, म्हणजे चारही खूर सारखेच कापले जातील. एकेक करून चारही खूर कापले. सागाचा वास शेडभर पसरला. जोडून पलंग जागेवर ठेवला, चारही कोपऱ्यांवर बसून पाहिलं, जरासुद्धा हलला नाही. मग आईला बसवलं. तिचे तळवे अलगद फरशीला टेकले. तिने ते दाबून पाहिले, पुन्हा उचलून टेकवले.

“बरं वाटतंय का?”

“लय बरं.” मग माझं मनगट धरून हळूच म्हणाली, “ह्यांला नको सांगू हां. माप चुकलं म्हनून जिवाला लावून घेतील. जेवायचे नाय.”

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली आप्पा, आणि तिला अजून तुमच्या जेवणाची काळजी. मी म्हणाले, “नाही सांगत.” आणि तिथून उठून सरळ शेडमध्ये येऊन हे लिहायला बसले. हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणजे शब्द मोडला असं होत नाही, अशी मी माझी समजूत घातली आहे.