छातीतली धडधड

रविवार, संध्याकाळ. मनवेलपाडा.

दंड ठणकतोय, पण दिवस छान गेला. आगाशीच्या मैदानावर पन्नाशीपुढच्या बायकांची गोळाफेक होती. निघताना सायलीनं बजावलं, "आई, डोळे मिटून बस, श्वास हळू सोड. छाती धडधडायला नको." माझी लेक पिस्तुलानं नेमबाजी करते. तिचा हात जरासा हलला तरी नेम चुकतो. मी तिचं ऐकलं, वीस मिनिटं डोळे मिटून बसले. इतकी शांत झाले की चक्क जांभई आली! पहिले दोन्ही गोळे कसेबसे गेले. मनात काहीच नव्हतं, भीतीसुद्धा नाही. असं कसं झालं?

एकच फेक उरली होती. तेवढ्यात शेजारच्या शुभांगीनं येऊन पाठीत धपाटा घातला. "अगं, देवळात बसलीयेस का? जरा चेव येऊ दे!"

मग मी जागच्या जागी उड्या मारल्या, मांड्यांवर थापा मारल्या. छाती धडधडायला लागली, तेव्हा कुठे अंगात जोर आला. फेकताना केवढ्यानं ओरडले! तो आवाज माझाच? चारचौघांत मी कधी मोठ्यानं बोललेही नव्हते. गोळा सरावातल्या खुणेच्या हातभर पुढे पडला. दुसरा नंबर.

घरी आल्यावर सायलीला सगळं सांगितलं. हसून म्हणाली, "मला लागतं ते तुला नको होतं, चुकलंच माझं. पुढच्या रविवारी माझ्या स्पर्धेला नक्की ये. फक्त शुभांगीमावशीला आणू नकोस."