उशाशी बसणाऱ्याला पुस्तके

मी, खाली सही करणारा, लॅटिनचा निवृत्त प्राध्यापक, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. घरची भाषाही आज तोंडात आहे. उद्याची खात्री देत नाही.

घर पत्नीला, तिच्यामागे लेकीला. बँकेतली ठेव दोघींना सारखी. माझे टेबल जावयाला मुळीच देऊ नये, तो त्यावर टीव्ही ठेवेल.

पुस्तकांबद्दल लिहिण्याआधी इस्पितळातले सांगणे भाग आहे. गेल्या महिन्यात मला पक्षाघाताचा झटका आला. शुद्धीवर आलो तेव्हा घशाला कोरड पडली होती. पाणी मागितले, तर तोंडातून लॅटिन निघाले. दुसरे काही येईचना. जन्मभर वर्गात शिकवले, घरी दाढी करतानाही मोठमोठ्याने तेच म्हटले. लेक नर्सला म्हणाली, "बाबा पाठ म्हणतायत. म्हणू द्या त्यांना." पत्नीने हात जोडले. मी पाण्यासाठी तळमळत होतो आणि या दोघी डोळे पुसत ऐकत होत्या. दुपारनंतर जीभ ताळ्यावर आली. त्यांचा दोष नाही. पण तेव्हापासून मला धड झोप नाही. मरणाची तयारी आहे, पण तसे, बोललेले कोणाला न कळता, मरायची फार भीती वाटते.

आमचा विभाग कधीच बंद पडला. गावात लॅटिन समजणारा एकच उरला आहे, माझा घाऱ्या डोळ्यांचा विद्यार्थी, मांजऱ्या. माझ्या निरोप समारंभात त्याने भर सभेत माझे उच्चार चुकीचे ठरवले. त्यानंतर मी त्याला दारात उभे केले नाही. उच्चार त्याचेच चुकीचे आहेत, याची इथे नोंद घ्यावी. तरीही सगळी पुस्तके, कोशांसकट, त्यालाच द्यावीत. अट एवढीच की माझी वाचा पुन्हा गेली तर त्याने उशाशी बसावे आणि मी काय म्हणतो ते घरच्यांना सांगावे.

वकील म्हणाले, "सर, मृत्युपत्रात मेल्यानंतरचं लिहायचं असतं." मी म्हटले, "माझी भीती त्याच्या आधीची आहे." म्हणून हे कलम मांजऱ्याला आजच फोनवर वाचून दाखवले. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, "येईन सर. पण उच्चार तुमचेच चुकीचे होते." माझा जीव भांड्यात पडला.

साक्षीदार: १) घरचे डॉक्टर (सही) २) खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)
ठिकाण: राहते घर, पुस्तकांची खोली
दिनांक: ३ मार्च
लिहून देणार: (सही)

ता. क. मांजऱ्या गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. तो पोचेपर्यंत कोणी हात जोडून बसू नये. आधी पाणी द्यावे.