कलम सहा शुक्रवारीच वाचावे

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा टायपिंग (आता बंद), गल्लीत सगळे जिला टायपिंगवाल्या बाई म्हणतात ती, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, हात थोडा थरथरतो पण यंत्रावर चालतो, आणि हा कागद माझ्याकडून कोणी लिहवून घेतलेला नाही. उलट लिहू नये म्हणून दोघांनी सांगून पाहिले. चाळीस वर्षे मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे टाइप केली. त्यांत "आयुष्याचा भरवसा नाही" हे वाक्य ठरलेले असायचे आणि ते मी डोळे मिटून मारायचे. आज ते मारताना दोनदा चुकले.

घाई का, ते सांगते. उद्या गुरुवारी सकाळी सातला मला इस्पितळात दाखल व्हायचे आहे. शुक्रवारी नऊ वाजता हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन, आणि त्याच शुक्रवारी अकरा वाजता नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी समितीपुढे माझ्या घराची सुनावणी. एका ठिकाणी मी बेशुद्ध असेन आणि दुसऱ्या ठिकाणी गैरहजर. डॉक्टरांना तारीख बदला म्हटले तर ते म्हणाले, "बाई, तुमची झडप समितीला विचारून थांबायची नाही." समितीच्या कारकुनाला म्हटले तर तो म्हणाला, "पुढची तारीख हवी तर अर्ज पहिल्यापासून करा." म्हणून हा कागद. यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात मी घर पुतण्याला दिले होते, ते या कागदाने रद्द झाले असे समजावे.

कलम एक. मालमत्तेआधी माणूस. माझा धाकटा भाऊ, वय छपन्न, माझ्याजवळ राहतो. त्याची समज सात वर्षांच्या मुलाएवढी आहे असे डॉक्टर लिहितात. मी तसे लिहिणार नाही, कारण सात वर्षांच्या मुलाने आईचे आजारपण काढलेले नसते आणि याने काढले आहे. सांगितल्यावर अंघोळ करतो. शेगडी पेटवतो, विझवायला विसरतो. गोळ्या रंगावरून ओळखतो आणि रंग बदलला की तोंड मिटून बसतो. रोज संध्याकाळी सहाला तो गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि सव्वीस घरांच्या फाटकांच्या कड्या लावून येतो. हे काम त्याला कोणी दिलेले नाही, पण तो एक दिवस तापाने पडला तर तिघे जण कडी का लागली नाही म्हणून विचारायला आले होते. जेवायला बसला की तो मला रोज एकच विचारतो, "ताई, उद्या कोण?" म्हणजे उद्या त्याच्याजवळ कोण असणार. मी म्हणते, "मीच." मग तो पहिला घास घेतो. गेला महिनाभर हे "मीच" मी त्याच्याकडे न बघता, भात वाढता वाढता म्हणते.

कलम दोन. घर. दोन मजले, पाच खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर, पुढे पायरी. हे घर मी धाकट्यासारख्या पाच जणांच्या आधारघरासाठी देत आहे. ते चालवायला तयार असलेल्या संस्थेचे करारपत्र सोबत जोडले आहे. प्रत्येकाला स्वतःची खोली आणि स्वतःची किल्ली, स्वयंपाक सगळ्यांनी मिळून, आणि रात्रंदिवस एक सांभाळणारे माणूस. तळमजल्यावरची पुढची खोली, जिच्या खिडकीतून फाटक दिसते, धाकट्याला तहहयात. एका कुटुंबाच्या घराचे असे घर करायला समितीची परवानगी लागते. तशी नोटीस माझ्या फाटकावर तीस दिवस चिकटवलेली होती. तीस दिवसांत सव्वीसपैकी तेवीस घरांनी हरकत घेतली. ज्या फाटकाची कडी माझा भाऊ लावतो त्याच फाटकातून बाहेर येऊन त्यांनी हरकत नोंदवली.

कलम तीन. पुतण्या, म्हणजे थोरल्या भावाचा मुलगा. तो म्हणतो, "आत्या, घर विकू. काकाला मी सांभाळतो ना, काळजी कशाला?" दोन वर्षांपूर्वी माझे डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा त्याने काकाला आठ दिवसांसाठी नेले आणि चौथ्या दिवशी आणून सोडले. चारही दिवस टीव्ही लावून खोलीला बाहेरून कडी घातली होती, हे मला धाकट्यानेच सांगितले. "ताई, त्यांच्याकडे कडी बाहेर असते," म्हणाला. पुतण्याला माझे भिंतीवरचे घड्याळ द्यावे. बँकेत जे काही आहे ते धाकट्याच्या औषधपाण्याला. पुतण्या वाईट नाही, पण चार दिवसांपलीकडे त्याची उडी नाही.

कलम चार. शेजारचे साहेब, पाणीखात्यातून निवृत्त. तेवीस हरकतींचे पुढारी तेच. नोटीस लागली त्या दिवशी ते माझ्या पायरीपर्यंत आले आणि म्हणाले, "ताई, धाकटा आमचाच हो, त्याच्याबद्दल चकार शब्द नाही. प्रश्न बाकीच्या चौघांचा आहे."

मी म्हटले, "साहेब, बाकीचे चौघेही कुणाचे तरी धाकटेच आहेत."

"तसं नाही, गल्लीचं वळण बिघडतं. नाही म्हटलं तरी लोक बघतात."

साहेबांना माझी शिडी द्यावी. अकरा वर्षांपूर्वी नेलेली आहे, ती आता त्यांचीच. मात्र त्यांच्या गच्चीचा जो पाइप माझ्या भिंतीवर पाणी टाकतो तो तीस दिवसांत हलवावा. हरकतीची मुदत तीस दिवस असते, हे त्यांना चांगले ठाऊक आहे.

कलम पाच. अवजारे. टायपिंगचे यंत्र आणि त्याचे स्टूल. हे मी समोरच्या शिवणवालीला देत आहे. ती म्हणेल, मला काय करायचंय हे धूड? करू नकोस, नुसते ठेव. शिवणयंत्राशेजारी शोभेल. याशिवाय पत्र्याची मोठी ट्रंक, ज्यात चाळीस वर्षांत मी टाइप केलेल्या प्रत्येक कागदाची कार्बन प्रत सालवार लावलेली आहे. ती जाळू नये. का, ते पुढे.

कलम सहा. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. मी जगले काय, मेले काय, शुक्रवारी अकरा वाजता समितीपुढे वाचावे.

तेवीस हरकती मी नगरपालिकेत जाऊन पाहिल्या. तेविसांचा मजकूर एक. खाली फक्त सह्या निराळ्या. चौथा मुद्दा असा: "गल्लीच्या तोंडाशी बालवाडी असून लहान मुलांच्या जिवाला धोका संभवतो." बालवाडी बंद होऊन अकरा वर्षे झाली. तिथे आता गाड्या धुतात. तेवीस घरांतल्या एकाही माणसाला सही करताना हे दिसले नाही. लोक सही करतात ते वाचत नाहीत, हे माझ्या धंद्याने मला शिकवलेच होते. पण मला हसू आले नाही. कारण ते वाक्य माझे होते.

बावीस वर्षांपूर्वी याच गल्लीत, शेवटच्या रिकाम्या घरात, असेच आधारघर निघणार होते. शिवणवालीने आठ महिने खेटे घालून संस्था मिळवली होती, कारण तिचा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि त्याला झटके यायचे. त्या घराविरुद्धची हरकत मी लिहिली. साहेब म्हणाले म्हणून टाइप केली असे मी म्हणू शकले असते, आणि इतकी वर्षे मनाशी तसेच म्हणत आले. ते खोटे आहे. ते नुसते म्हणाले होते, "बाई, काहीतरी जोरदार लिहा." मुद्दे मी शोधले. बालवाडीचा मुद्दा मी घातला. शिवणवालीचा मुलगा रोज त्याच बालवाडीची सुटण्याची घंटा वाजवायचा आणि पोरे त्याच्या हाताला लोंबकळत बाहेर यायची, हे माहीत असून घातला. पहिली सही माझी होती. परवानगी नाकारली गेली. साहेबांनी त्यांच्याकडची प्रत जपून ठेवली होती. तीच आता तारीख बदलून तेवीस वेळा निघाली.

का केले? माझा धाकटा तेव्हा चौतीस वर्षांचा होता. गल्ली त्याला भोळा म्हणायची. तसले घर झाले असते तर तो "त्यांच्यातला" झाला असता, आणि उद्या कोणीही म्हणाले असते, त्यालाही तिकडेच ठेवा की. माझा भाऊ माझ्या घरात राहावा म्हणून मी दुसरीचा मुलगा गल्लीबाहेर घालवला.

त्या मुलाला बसने नऊ तासांच्या अंतरावरच्या एका संस्थेत ठेवावे लागले. शिवणवाली महिन्यातून एकदा जायची. मोठ्या खिशाचे शर्ट शिवून न्यायची, कारण त्याला हात खिशात घालून उभे राहायला आवडायचे. सहाव्या वर्षी हिवाळ्यात तो तिथे न्यूमोनियाने गेला. तसे कळवणारे पत्र घेऊन ती माझ्याकडेच आली, कारण तिचे सगळे अर्ज मीच करायची. त्याचे सामान परत मिळावे म्हणून मी अर्ज टाइप केला. चार शर्ट, एक कंगवा, एक शिट्टी. तिने पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत. ती म्हणाली, "तू आहेस म्हणून, नाहीतर माझं कोण होतं?" त्या अर्जाची कार्बन प्रतही ट्रंकेत आहे. त्या सालच्या गठ्ठ्यात.

तेव्हापासून तशाच मोठ्या खिशाचे शर्ट ती माझ्या धाकट्यासाठी शिवते.

नगरपालिकेकडची जुनी फाइल वाळवीने खाल्ली, असे कारकून सांगतो. तेव्हा तेवीस जणांनी माझे घर सोडून बावीस वर्षांपूर्वीच्या एका घराला हरकत घेतली आहे, याचा पुरावा साहेबांखेरीज फक्त माझ्या ट्रंकेत आहे. सह्यांसकट कार्बनवर उमटलेली ती प्रत सोबत जोडली आहे. समितीने ती शेजारी ठेवून वाचावी. खालची पहिली सहीही वाचावी. ती लपवण्यासाठी कागद दुमडू नये.

कलम सात. एवढे करूनही परवानगी नाकारली तर संस्थेने वर अपील करावे. अपील संपेपर्यंत घर विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि साहेबांना तर कोणत्याही भावाने नाही. तोवर धाकट्याला याच गल्लीत ठेवावे. नऊ तासांवर पाठवू नये. हे मी कायद्याच्या भाषेत तीन वेळा लिहून पाहिले, जमले नाही. पाठवू नका हो त्याला. तिथे त्याला लावायला फाटके नसतील.

कलम आठ. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी समोरच्या शिवणवालीला नेमते. दुसरे कोणी हे तडीस नेईल असा मला भरवसा नाही, आणि तिला न सांगता शुक्रवारी सहावे कलम परक्यांसमोर वाचले जावे हेही मला नको. तिने सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचावी. वाचून नाही म्हणाली तर तिच्यावर माझा कसलाही हक्क नाही. मी आतल्या खोलीत बसते आहे. तोंडाने सांगायला बावीस वर्षे होती, तेव्हा जमले नाही, म्हणून लिहून देते.

ठिकाण: याच घराची पुढची खोली.
दिनांक: सुनावणीआधीचा बुधवार, दुपारी साडेचार.
सही: टायपिंगवाल्या बाई

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचे औषधवाले. पूर्ण वाचून, बाईंनी समोर सही केल्यावर सही केली.
साक्षीदार दुसरी: शाळेतून निवृत्त मुख्याध्यापिका, मागची गल्ली. पूर्ण वाचून सही केली. चष्मा दोनदा पुसावा लागला.

व्यवस्थापकाची नोंद, हाताने लिहिलेली:

मी सगळं वाचलं. दीड तास लागला. मी माफ केलेलं नाही आणि करीन असंही लिहून देत नाही. घंटेचं वाचून मी उठून घरी गेले होते. सहा वाजता धाकटा कडी लावायला माझ्या फाटकाशी आला. आज ताईचं तोंड बघून त्याने जेवायची वाट पाहिली नाही, मलाच विचारलं, उद्या कोण? तो कडीला हात लावून तसाच उभा राहिला. मग मी म्हटलं, मी. त्याने कडी लावली आणि पुढच्या घराकडे गेला. म्हणून परत येऊन सही करत आहे. शुक्रवारी अकराला कागद मी वाचीन, दुमडणार नाही. टायपिंगचं यंत्र मला नको. तू परत आलीस की तुझं तूच उचल.

सही: समोरची शिवणवाली