खिडकीतला जीवखडा

अहो,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. काल भाऊजी येऊन एक गोष्ट सांगून गेले, म्हणून लिहायला बसले.

चितेपाशी ज्या खड्याने मडकं फोडलं, तो जीवखडा दहाव्याला खाडीत सोडायचा म्हणून घरी आणला होता. धाकट्या जाऊबाईंनी खिडकी पुसताना तो तुमच्या दगडांत ठेवून दिला. उल्का सापडेल म्हणून तुम्ही डोंगर फोडतील तिथून दगड आणायचात, लोहचुंबक लावून बघायचात. सगळे काळे, जीवखड्यासारखेच. दहाव्याला भाऊजींनी अंदाजाने एक उचलून खाडीत सोडला आणि वर्षभर गप्प राहिले.

"वहिनी, वर्षश्राद्धाला सगळेच खाडीत सोडू. दादाचा जीव अडकायला नको."

"विचार करून सांगते," म्हटलं. सगळे गेले तर तुमच्या हातचं या घरात काय उरणार?

विचार करायला मला पुस्तक लागतं, ही सवय तुमचीच. माझी शाळा सातवीत सुटलेली. नावड्याच्या रद्दीवाल्याकडून पुस्तकं आणून तुम्ही म्हणायचात, "डोळे दुखतायत, तू वाच." डोळे चांगले होते तुमचे. मला कळत नव्हतं का? पण किती वाचून झालं त्या निमित्ताने.

कालच लायब्ररीतून उल्कांवरचं पुस्तक आणलं. काही उल्कांमध्ये सूर्यापेक्षाही जुने कण असतात म्हणे, आधी मेलेल्या ताऱ्यांची धूळ. ओळखायचं कसं? कार्बनचे काही अणू हलके, काही जड. आपल्या सूर्यमालेत त्यांचं प्रमाण साधारण ठरलेलं. या कणांत ते भलतंच निघतं, म्हणजे कण परक्या घरचा. तो वेगळा काढायला उल्का ॲसिडात विरघळवतात. बाकी सगळं जातं, कण टिकतो.

तळोज्याला ॲसिडच्या टाक्यांवर नोकरी केलीत तुम्ही. "माझा एक शर्ट टिकला नाही, आणि हा टिकला?" असंच म्हणाला असतात ना?

वाचता वाचता मनात आलं, धूळ आपल्याकडे येऊन पडली म्हणून तो तारा अडकला, असं कुणी म्हणेल का? तो तर केव्हाच गेला. मागे राहिलं ते आपल्याला मिळालं.

आज सकाळी भाऊजींना फोन केला. "दगड राहू देत."

"आणि जीव अडकला असेल तर?"

"तर घरातच आहे. चहा मिळेल त्याला."

भाऊजी हसले. "दादा दोन कप मागेल, वहिनी."

वर्षात पहिल्यांदा हसले ते माझ्याशी. तुम्ही वाचायला लावलं नसतंत, तर मी मान डोलावून सगळे दगड देऊन टाकले असते. फार उपकार आहेत तुमचे. जिवंतपणी बोलले नाही, आज लिहिते.

यातला तुमचा जीवखडा कुठला, हे शोधत बसणार नाही. सगळे सारख्याच मायेने पुसेन, हा माझा शब्द.

तुमची,
सुलभा