दोन हात लागतील असं काही नको

प्रिय ताई,

तुझी यादी मी पाळलेली नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे चार पानं वाचून मग रागवायचे तुझे कष्ट वाचतील. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतेस. पत्राला तोडता येत नाही. फाडता येतं, पण तू शाळेत शिकवणारी बाई, लिहिलेला कागद वाचल्याशिवाय फाडणं तुझ्याच्याने व्हायचं नाही.

तुझी भिंगरी पदवीधर झाली त्या आठवड्यात तू घरच्या ग्रुपवर ती यादी टाकलीस. भेट द्यायचीच असेल तर पेन, डायरी, घड्याळ, एखादं चांगलं पुस्तक. गेम नको, वाद्य नको, विणकाम, मातीकाम, जोडाजोडीचं काही नको. दोन हात लागतील असं काहीच नको, तिला वाईट वाटेल. त्याखाली एकोणीस जणांनी अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. अंगठा, ताई! अकरा महिन्यांपूर्वी जिच्या डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली, तिच्या भेटींच्या यादीखाली एकोणीस अंगठे. भिंगरीनेच मला ते मोजून दाखवले आणि एवढी हसली की मला रडू यायला लागलं. यादी मात्र सगळ्यांनी इमानेइतबारे पाळली. तिच्या टेबलावर सात डायऱ्या आहेत, पाच पेनं आहेत, तीन मनगटी घड्याळं आहेत आणि आयुष्य कसं जगावं हे सांगणारी दोन पुस्तकं आहेत. मधल्या काकूंनी सुगंधी मेणबत्त्या दिल्या. मुलगी एकवीस वर्षांची आहे, सेवानिवृत्त होत नाहीये.

भेट कशी असावी याबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे आणि ते तुला कधीच पटलेलं नाही. भेट उघडल्यावर माणसाला जेवायला उशीर झाला पाहिजे, तीन हाका माराव्या लागल्या पाहिजेत. भिंगरी पाच वर्षांची झाली तेव्हा मी तिला ढोलकं दिलं आणि तू दोन महिने माझ्याशी बोलली नाहीस. आठव्या वाढदिवसाला लोहचुंबकाचे तुकडे दिले, ते तुझ्या शिलाईच्या डब्यातल्या सगळ्या टाचण्या पळवून घेऊन गेले. दहाव्याला गेमचं ते खोकं दिलं, दोन कंट्रोलरसकट, वापरलेलं, एका बाजूला चरा पडलेलं. तू म्हणालीस, मुलगी वाया जाईल. वाया कोण गेलं ते मी सांगते. दर रविवारी दुपारी ती मोटारींची शर्यत लावून बसायची कोण? वळणावर गाडी कलंडली की एवढ्याने किंचाळायची कोण, की खालच्या मजल्यावरचे आजोबा काठीने छत ठोकायचे? दहा वर्षं तू पोरीकडून हरत आलीस आणि दर वेळी कंट्रोलरच खराब आहे म्हणालीस. लहानपणी बाबांनी तुला कंपासपेटी दिली आणि मला चाकांचे बूट, तेव्हा ते बूट चोरून नेऊन पुढचा दात पाडून घेतलास तोही तूच. मजेची हौस तुला माझ्यापेक्षा कणभर जास्तच होती. म्हणून तर मला तुझ्या यादीचा इतका राग आला.

आता मी काय केलं ते ऐक. दोन हात लागतात, असं तू म्हणतेस. मी एकतीस वर्षं शिलाई मशीनवर बसते. माझे दोन्ही हात कापडावर असतात, मग मशीन कोण चालवतं? चवडा दाबला की ते पळतं, टाच दाबली की थांबतं, आणि सुईखालचं कापड सोडवायला गुडघ्याने ढकलायची एक लोखंडी पट्टी असते. शिवणाऱ्या बाईला हातांखेरीज आणखी तीन हात असतात, ते फक्त टेबलाखाली असल्यामुळे दिसत नाहीत. भंगारात निघालेल्या जुन्या मशीनचं पॅडल आणि पट्ट्या माझ्याकडे पडून होत्या. त्या घेऊन मी शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले, म्हटलं, या गेमच्या कंट्रोलरला जोडून द्या. तो माणूस असा की गिऱ्हाईक आलं तरी त्याला उपद्रव वाटतो. असलं काही होत नसतं, वेळ घालवू नका, म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आत वायरी जोडायची डागणी घेऊन पायरीवर बसला होता.

पहिल्या खेपेला मी पॅडलची स्प्रिंग मशीनचीच ठेवली होती. मी नुसती शिंकले तरी गाडी जाऊन भिंतीला धडकायची. मग स्प्रिंग बदलली, गुडघ्यांना दोन्हीकडून एकेक पट्टी दिली, डावीकडे वळायला डावी, उजवीकडे वळायला उजवी. तिच्या उरलेल्या दोन बोटांना कंट्रोलर निसटू नये म्हणून तळव्याभोवती बसणारा मऊ पट्टा शिवला, आतून अस्तर लावून. गेमबॉक्स मोबाइलवाल्याने आपला जुना उसना दिला. महिनाभर मीच खेळून बघितलं. पन्नाशीला टेकलेली बाई, गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि आता एका गिऱ्हाइकाच्या कोटाला उलटी बाही लागली ती दुसऱ्या टप्प्यातल्या त्या पुलापायी. हसतेस ना? हस.

खोक्याला कागद गुंडाळून मी भिंगरीसमोर ठेवलं तेव्हा तिने ते उघडलंच नाही. मला कीव नकोय, म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, कीव करायला इतकी वायर लागत नाही. मग बसली. पाऊण तास ती नुसती भिंतींवर आदळत होती. टाच आणि चवडा यांची गल्लत होत होती, घाम फुटला होता. मग एका वळणावर गाडी रस्त्यावर राहिली, पुढच्या वळणावर राहिली, आणि तिसऱ्या वळणावर नदीत पडली तेव्हा तिच्या तोंडून जी शिवी निघाली ती मी इथे लिहीत नाही. पण ताई, अकरा महिन्यांनी निघाली. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

तर तेव्हापासून ती संध्याकाळी वाचनालयात जात नाही. माझ्याकडे येते. खोटं बोलायला मी सांगितलं, तिला बोलू नकोस.

आणि आता ते, जे आपल्या घरात कुणी बोलत नाही. गॅरेजचं शटर तू ओढलंस. लिहिलं मी, आणि बघ, आभाळ कोसळलं नाही. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या आठवड्यात तू ते खोकं, दोन्ही कंट्रोलर, सगळं कपाटात घालून कुलूप लावलंस. तिला वाईट वाटेल म्हणून? ती चाचपडताना तुला बघवणार नाही म्हणून. तिने तो हात टेबलावर ठेवला की तू उठून स्वयंपाकघरात जातेस. मी पाहिलंय, तिनेही पाहिलंय. तुला वाटतं ती तुझ्यावर रागावली आहे. ती तुझी वाट बघते आहे.

सुरुवातीला ती माझ्या दुकानाच्या शटरखालून आत यायची नाही. मी ते पार वर सरकवून खाली टेकू लावून ठेवायची, तेव्हा यायची. गेल्या शुक्रवारी बंद करायच्या वेळी ती म्हणाली, मी ओढते. उजव्या हाताने आकडी धरून तिने ते सावकाश खाली आणलं. कुलूप लावता लावता ती मला म्हणाली की त्या दिवशी तिची किल्ली आत पडली होती, आणि तुला हाक न मारताच तिने वाकून शटरखालून आत हात घातला. तुझी पाठ तिच्याकडे होती, तुला दिसणं शक्यच नव्हतं. हे तिला तुला सांगायचंय. नऊदा सुरुवात केली म्हणाली, आणि नऊदा तू गॅस बंद करायला गेलीस.

हे पत्र मी माफी मागायला लिहिलेलं नाही, आणि तुला माफ करायलाही नाही, तो माझा प्रांत नाही. पॅडल-पट्ट्यांची दुसरी जोडी तयार झाली आहे, म्हणून लिहिलं. भिंगरीने स्वतःच्या हाताने बनवली, वायरी तिनेच जोडल्या. ती तुझ्यासाठी आहे. हात असतानाही तू पायानेच खेळायचं, म्हणजे सामना बरोबरीचा होईल, असं तिचं म्हणणं. उसन्या गेमबॉक्सला एकच कंट्रोलर लागतो, म्हणून कपाटातलं खोकं हवं. रविवारी चार वाजता ते घेऊन दुकानात ये. शेजारी बसून, समोर बघत बोलणं सोपं असतं. स्टुलं दोन मांडून ठेवते, मी बाहेर पायरीवर बसेन. आणि नाही आलीस, तर पाच वाजता मी तुझ्याकडे स्क्रू ड्रायव्हर घेऊन येते. कुलूप लावलंस खरं, पण त्या कपाटाच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत. शटरची काळजी करू नकोस. आमच्याकडे हल्ली ते तुझी मुलगी ओढते. तू फक्त आत बसून राहा.

तुझीच,
कुणाचं न ऐकणारी धाकटी